वडाच्या टेट्यातील कीटक आणि आंब्यावरचे बांडगूळ

प्रश्न : दांडिया बाजारातील आमच्या घरामागच्या आंब्यावर बांडगूळ वाढले आहे आणि शेजारच्या शिंदीवर वडाचे रोप रुजले आहे. रस्त्याकडेच्या मोठ्या वडाचे टेटे (फळे) फोडले, तर आत बारीक कीटक निघतात. नातीच्या पुस्तकात सहजीवनाचे परस्परसाहाय्य, सहभोजिता (एकाचा फायदा, दुसऱ्याचे ना भले ना बुरे) आणि परजीविता असे तीन प्रकार दिले आहेत. मी सांगितलेली तिन्ही उदाहरणे परजीवितेचीच ना?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : निखळ परजीविता यांत एकच आहे, बांडगुळाची, आणि तीही अर्धीच. त्याची पाने हिरवी असल्यामुळे अन्न ते स्वतः तयार करते, पाणी आणि क्षार मात्र आंब्याच्या फांदीत शोषकमुळे (रस शोषणारी मुळे) घुसवून घेते. अमरवेलीचा कारभार याहून वाईट, कारण तिला पानेच नसतात. सहजीवन हा शब्द आपण लग्नाच्या शुभेच्छांत वापरतो, त्यामुळे परजीवीला तो लावणे कानाला खटकते. परंतु जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी 1879 मध्ये ही संज्ञा रूढ केली ती भिन्न जातींच्या जीवांच्या निकट सहवासासाठी, त्यात कोणाचा फायदा होतो हे न पाहता.

टेट्यातील कीटकांना कीड म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ज्याला आपण फळ म्हणतो ते वस्तुतः आतून पोकळ असे पुष्पाशय असून त्याच्या आतल्या बाजूस असंख्य सूक्ष्म फुले असतात. टोकाच्या चिंचोळ्या छिद्रातून जेमतेम दोनएक मिलिमीटरची गांधीलमाशी आत शिरते, तेव्हा बहुधा तिचे पंख तुटून पडतात. सोबत आणलेले पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढच्या पिढीत पंख नसलेले नर आधी बाहेर येतात, माद्यांशी मीलन झाल्यावर टेट्याला भोक पाडतात, आणि त्या वाटेने माद्या पराग घेऊन दुसऱ्या टेट्याच्या शोधात उडून जातात. वड काही फुलांचे बी गमावतो, पण या माशीवाचून त्याला बीच धरणार नाही. माशीलाही वाढायला दुसरी जागा नाही. हे परस्परसाहाय्य. तरीही आपण फोडलेल्या टेट्यातून निघालेला प्रत्येक कीटक वडाचा उपकारकर्ता असेल असे नाही, कारण बाहेरूनच अंडी घालून पराग न देणाऱ्या फुकट्या माश्याही त्यात असतात. एका टेट्यात परस्परसाहाय्य आणि परजीविता असे दोन रकाने!

शिंदीवरचे रोप पक्ष्याच्या विष्ठेतून आलेल्या बियांचे असणार. जुन्या देठांच्या खोबणीत साचलेल्या कचऱ्यात ते रुजते. शिंदीतून रस शोषत नाही, नुसता आधार घेते. गुरांच्या पायांशी उडणारे किडे टिपणाऱ्या गायबगळ्याप्रमाणे हीसुद्धा आज सहभोजिताच. मात्र मुळे जमिनीत पोचली की हिशेब बदलतो. शिंदीचे खोड आंब्यासारखे वर्षानुवर्षे जाड होत नाही, म्हणून मुळांनी आवळले जाण्याचे भय तिला कमी. पण माथ्यावर वडाची सावली पसरली की ती खंगते. म्हणून शिंदी हवी असेल, तर रोप आताच मुळासकट उपटावे. बांडगुळाचे तसे नाही. ते नुसते ओढून काढले, तर आतील शोषकमुळांतून पुन्हा फुटण्याची शक्यता असते. त्यामुळे फांदी बारीक असल्यास ती चिकटलेल्या गाठीच्या बरीच खालून, खोडाच्या बाजूस कापावी, आणि तेही बांडगुळाची फळे पिकण्यापूर्वी, कारण त्यांच्या चिकट बिया फुलटोच्या पक्षी पुढच्या फांदीवर नेऊन ठेवतो.