ट्यूब चिकटल्यात म्हणे, दुर्बिणीचं ऑपरेशन करू का?

प्रश्न: ताई, माझं वय 31, लग्नाला साडेचार वर्षं झाली. कॉलेजात असताना अपेंडिक्स फुटून मोठं ऑपरेशन झालं होतं. पाळी नियमित आहे. एचएसजीत (पिशवीत डाय म्हणजे औषधी द्रव सोडून काढलेल्या एक्स-रेत) डावी गर्भनलिका, म्हणजे ट्यूब, बंद आणि उजवीतला डाय नीट पसरत नाही असं आलंय. डॉक्टर म्हणतात आत चिकटलंय, दुर्बिणीने सोडवू. सासूबाई म्हणतात, एकदा पोट फाडलंय, परत कशाला? ऑपरेशन करू की सरळ आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी?

उत्तर: अगं, आधी सांग, मिस्टरांचा सीमेन रिपोर्ट झालाय का? तू एवढं सगळं लिहिलंस, त्याचं नावच नाही. तो रिपोर्ट आणि तुझं एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) हातात आल्याशिवाय भूल घेऊ नकोस, कारण स्पर्म फारच कमी असले तर ट्यूब मोकळी करून उपयोग काय.

अपेंडिक्सचा पू ओटीपोटात पसरला की बरं होताना आतडं, ट्यूब, अंडाशय एकमेकांना चिकटतात, मग ट्यूब आतून उघडी असली तरी तिचं झालरीसारखं टोक अंड्यापर्यंत पोचत नाही. एचएसजीवर हे पक्कं कळत नाही, दुर्बिणीतून बघत निळा डाय सोडला की खरं काय ते दिसतं. पातळ जाळ्या असल्या तर सोडवून घे, आणि पुढे सहा महिने ते वर्षभर घरीच प्रयत्न करा, तुझ्या वयात त्याला नक्की अर्थ आहे. पण सगळं घट्ट थापल्यासारखं बसलं असेल तर ओढाताण नकोच, आतड्याला इजा होऊ शकते आणि परत चिकटतंही, तेही पहिल्या आठवड्यातच. तिथे आयव्हीएफ बरं. 1978 साली जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या, लुईस ब्राउनच्या आईच्याही ट्यूब बंदच होत्या गं.

ट्यूब पाण्याने फुगलेली निघाली तर आयव्हीएफआधी ती काढतात किंवा क्लिप लावतात, नाहीतर ते पाणी गर्भपिशवीत उतरून गर्भ रुजायची शक्यता बरीच कमी होते. ट्यूब काढली हे भुलीतून उठल्यावर कळलं की बायका फार कोसळतात, म्हणून सही करायच्या आधीच दोघांनी बसून विचारून घ्या. आणि आपल्याकडे ट्यूब खराब व्हायला टीबी हे मोठं कारण, तेव्हा पिशवीच्या अस्तराचा तुकडा त्याच वेळी तपासायला पाठवा म्हणावं.

सासूबाईंना सांग, यात पोट फाडत नाहीत, बारीक तीन-चार छिद्रं असतात. जुना व्रण मात्र डॉक्टरांना दाखव, मग पहिली दुर्बीण ते बेंबीऐवजी डाव्या बरगडीखालून घालू शकतात.

आणि दिवस राहिले की सोनोग्राफी लवकर कर, सहाव्या आठवड्याच्या आसपास, चिकटलेल्या ट्यूबमध्येच गर्भ अडकायचा धोका तुला इतरांपेक्षा जास्त आहे. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठ.