आदेश कुणी दिला, नाव कुणी सांगितलं?

प्रश्न : कालपर्यंत एकत्र उठबस असलेली माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. तुम्ही राजकीय हिंसाचाराचा अभ्यास करता म्हणून विचारतो, याच्या मुळाशी शेवटी द्वेषच असतो ना?

उत्तर : द्वेष असतो, पण त्याने फार थोडं उलगडतं. तो वर्षानुवर्षं धुमसत असतो आणि काही घडत नाही. मग एका आठवड्यात एका गावात कत्तल होते, शेजारच्या गावात होत नाही. द्वेष तर दोन्हीकडे होता. म्हणून विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला सांगते की आदेश कुणी दिला, यादी कुणी केली, नावं कुणी सांगितली आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं, हे आधी शोधा.

१३ जुलै १९४२ या एका दिवसाकडे बघा. पोलंडमधल्या युझेफूव्ह गावात जर्मनीच्या १०१ क्रमांकाच्या राखीव पोलीस बटालियनचे सुमारे ५०० जण पहाटे उतरले. बहुतेक हॅम्बुर्गकडचे, मध्यमवयीन, बायकामुलं असलेले. मेजर विल्हेल्म ट्रॅप यांनी त्यांना काम सांगितलं : गावातल्या ज्यूंपैकी कामाला येतील असे पुरुष वेगळे काढायचे, बाकी सगळ्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि बायकामुलांना, गोळ्या घालायच्या. सांगताना त्यांचाच आवाज कापत होता. वयाने मोठ्या असलेल्यांपैकी ज्याला जमणार नाही त्याने पुढे यावं, अशी मोकळीकही त्यांनी दिली. त्या घटकेला पुढे आले जेमतेम डझनभर. त्यांना शिक्षा झाली नाही. दिवसभरात आणखी काही जण कडेला झाले, पण बहुतेकांनी काम पुरं केलं. सुमारे १५०० माणसं त्या दिवशी मारली गेली. पुढे १९६०च्या दशकात या लोकांच्या जबान्या झाल्या. त्या वाचताना जाणवतं की सोबत्यांच्या गळ्यात घाण काम टाकून हा पळाला, असं कुणी म्हणू नये, ही लाज पुष्कळांना तिथे धरून ठेवत होती. मला हे द्वेषाहून भयंकर वाटतं, कारण अशी लाज कुठल्याही गटात तयार होते.

‘नाव कुणी सांगितलं’ या प्रश्नाचं उत्तर ग्रीसमध्ये सापडतं. तिथल्या १९४०च्या दशकातल्या यादवीचा राज्यशास्त्रज्ञ स्टाथिस कालिव्हास यांनी आर्गोलिड भागात गावोगाव जाऊन अभ्यास केला. निवडून मारण्याचे प्रकार सगळ्यात जास्त झाले ते एका बाजूची पकड बरीच, पण अपुरी असलेल्या गावांत. दोन्ही बाजू तुल्यबळ होत्या तिथे ते कमी होते, कारण चहाडी करणाऱ्याला उद्याची शाश्वती नव्हती. पकड पूर्ण होती तिथे त्याची गरजच उरली नव्हती. आणि नावं देताना लोकांनी विचारसरणीबरोबर जमिनीचे वाद आणि भाऊबंदकीतली जुनी उणीदुणीही चुकती केली. तेव्हा कुठलंही यादवी युद्ध ‘या गटाविरुद्ध तो गट’ एवढ्यात सांगितलं जातं तेव्हा सावध व्हा.

प्रश्न : बातम्यांत कधी ‘चकमकी’ म्हणतात, कधी ‘युद्ध’. याला काही मोजमाप आहे का?

उत्तर : अभ्यासकांत सगळ्यात जास्त वापरलं जातं ते स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचं. वाद सत्तेचा किंवा प्रदेशाचा, निदान एक बाजू सरकारची आणि वर्षभरात लढाईत किमान २५ मृत्यू, तर तो सशस्त्र संघर्ष. हा आकडा १००० वर गेला की युद्ध. नि:शस्त्र नागरिकांच्या हत्यांची मोजणी ते वेगळी ठेवतात. उपासमारीने किंवा औषध न मिळाल्याने गेलेले मात्र लढाईतल्या मृत्यूंत धरले जात नाहीत, एवढं आकडा वाचताना लक्षात ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा खासगी सुरक्षा कंपनीमार्फत युद्धग्रस्त देशात रखवालीच्या नोकरीवर जायचं म्हणतोय. अशा लोकांचा कुणी अभ्यास करतं का? की आम्ही फक्त काळजीच करायची?

उत्तर : करतात, आणि तो आणखी व्हायला हवा. बंदूक हातात असली तरी ही नोकरी आहे : पाळ्या, कंत्राट, मुकादम, तुंबलेला पगार. एका निवृत्त रखवालदाराने मला फाटकावरचं काम समजावलं होतं. समोरच्याच्या चेहऱ्याआधी हात बघायचे. गाडी मागून किती दबली आहे ते बघायचं. उन्हात आठव्या तासाला नजर मरते, तेव्हा जोडीदाराशी जागा बदलायची. एवढं कसब असूनही पगार कामापेक्षा पासपोर्टवर ठरतो. इराकमध्ये युगांडा, पेरू, नेपाळमधून आणलेल्या रक्षकांना त्याच ठिकाणच्या अमेरिकी रक्षकांच्या मानाने फारच कमी मिळत असे. जून २०१६ मध्ये काबूलला कॅनडाच्या दूतावासाच्या नेपाळी रक्षकांना नेणाऱ्या मिनीबसवर आत्मघाती हल्ला झाला. दूतावासाच्या भिंतीआड संरक्षण होतं, पण त्यांचा मुक्काम आणि रस्ता भिंतीबाहेरचा.

दुसरी बाजूही सांगते. १६ सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी केलेल्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मेले. तेव्हा परदेशी कंत्राटदारांना इराकी कायद्यापासून सूट होती. अमेरिकेतल्या खटल्यात २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले आणि २०२० मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळाली. २००८ चा माँत्रो दस्तऐवज अशा कंपन्यांबाबत देशांच्या जबाबदाऱ्या सांगतो, पण तो बंधनकारक नाही.

मुलाला अडवा की जाऊ द्या, हे मी सांगणार नाही. पण सही करण्याआधी त्याने विचारावं : करार कुठल्या देशाच्या कायद्याखाली आहे? पासपोर्ट कुणाजवळ राहणार? जखमी झाल्यास विमा कुणाचा, आणि तो घरच्यांना मिळणार कसा? गोळी चालवायचे नियम लेखी आहेत का? उत्तरं कागदावर मिळत नसतील तर त्याने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : पीएचडीसाठी माजी बंडखोरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. ‘तुमचं नाव बाहेर येणार नाही’ असा शब्द देऊ ना?

उत्तर : पाळता येईल तेवढाच शब्द द्या. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या प्रकल्पात २००१ पासून उत्तर आयर्लंडच्या माजी लढवय्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. हयातीत त्या खुल्या होणार नाहीत, असं त्यांना सांगितलं होतं. २०११ मध्ये १९७२ च्या एका हत्येच्या तपासासाठी ध्वनिमुद्रणं हजर करण्याचं फर्मान निघालं. न्यायालयात लढूनही काही द्यावीच लागली. २०१९ मध्ये बेलफास्टच्या न्यायाधीशांनी ती पुरावा म्हणून विश्वासार्ह नाहीत असं ठरवलं. तोवर ज्यांनी विश्वासाने तोंड उघडलं होतं त्यांच्या डोक्यावर कितीतरी वर्षं टांगती तलवार राहिली.

धोका तुम्हालाही असतो. ग्वाटेमालात विस्थापित माया लोकांची हकिगत नोंदवणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ मिर्ना मॅक यांची ११ सप्टेंबर १९९० ला त्यांच्या कार्यालयाबाहेर भोसकून हत्या झाली. लष्कराच्या एका सार्जंटला त्यासाठी शिक्षा झाली, आणि २००३ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने राज्यसंस्थेला जबाबदार धरलं.

म्हणून यंत्र लावण्याआधीच सांगा : उघडकीस न आलेल्या गुन्ह्याची तारीख, जागा, नाव मला सांगू नका. कुणी भरात बोलू लागलाच तर हात वर करून थांबवा. मी तसं करते आणि समोरच्याला त्याचा राग आल्याचं मला आठवत नाही. ‘तुम्ही कुणाला मारलं’ याची तुमच्या प्रबंधाला गरज नाही. भरती कशी झाली, पहिली रात्र कुठे काढली, जेवण कोण पोचवत होतं, घरी निरोप कसा जायचा, हे विचारा. चळवळ कशी चालते ते त्यातून कळतं. नावांची किल्ली, म्हणजे कुठली मुलाखत कुणाची हे सांगणारी यादी, आणि मुलाखती एका ठिकाणी ठेवू नका. संमतीपत्राचा मसुदा तयार झाला की मासिकाच्या पत्त्यावर धाडा, मी वाचून कळवते.