वाचकांचे प्रश्न : बाळंतविडा आणि रेंगाळलेली थंडी

प्रश्न : माझी भाची मार्चअखेरीस बाळंत होणार आहे. पहिलेच बाळंतपण असल्यामुळे बाळंतविडा मी विणावा, अशी माझ्या थोरल्या बहिणीची इच्छा आहे. यंदा फेब्रुवारी सरत आला तरी पहाटेचा गारठा हटत नाही, म्हणून ती जाड लोकरीचा स्वेटर, टोपडे आणि मोजे असा पूर्ण संच मागते आहे. भाची मात्र म्हणते की बाळ घरी येईपर्यंत पंखा लावावा लागेल. दुपारी स्वयंपाकघर आवरून बाल्कनीत विणायला बसले की मलाही उकडतेच. नेमके काय विणावे?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : भाचीचे म्हणणे खरे आहे, पण बहिणीची हौसही मोडायला नको. आपल्याकडे फेब्रुवारीत थंडी रेंगाळते ती उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांमुळे. ते पडले आणि समुद्राकडचे दमट वारे सुरू झाले की थोड्याच दिवसांत स्वेटर कपाटात जातात. मार्चअखेरीस ठाण्यात दुपारी ३० अंशांच्या पुढे तापमान असताना बाळाला जाड लोकरीत गुंडाळले तर ऊब मिळण्याऐवजी घामोळ्या येतील.

म्हणून बाळंतविड्याचे दोन भाग करावेत, असे मला वाटते. आत्ता द्यायचे ते सुती धाग्याचे : एक टोपडे, एक पातळ झबले आणि एक दुपटे. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ ते ३५ सेंटीमीटर असतो, आणि सुती धागा लोकरीइतका ताणत नसल्यामुळे टोपडे फार घट्ट धरू नये. झोपताना ते काढून ठेवायचे असते, हे भाचीला आवर्जून सांगावे. जन्मतः बाळाचे डोके छातीपेक्षा किंचित मोठे असते. त्यामुळे डोक्यातून घालायचे झबले कितीही सुंदर झाले तरी कपाटातच राहते. ते पुढून उघडे ठेवावे, गळ्याशी लांब बंद किंवा रिबीन लावू नये आणि बटणे दुहेरी दोऱ्याने पक्की शिवावीत. जाळीची नक्षीही टाळलेली बरी, कारण बाळाची बोटे तिच्यात अडकतात. हातमोजे-पायमोजे विणलेच, तर आतल्या बाजूला एकही सैल धागा राहू देऊ नये; बोटाभोवती त्याचा पीळ बसला तर रक्तप्रवाह थांबू शकतो.

लोकरीचा स्वेटर अवश्य विणावा, पण पुढच्या डिसेंबरच्या मापाने. तेव्हा बाळ नऊ महिन्यांचे होईल आणि छातीचा घेर सुमारे ४५ सेंटीमीटर असेल. आत कपडे असतात, हात सुटसुटीत हलायला हवेत, म्हणून स्वेटरचा घेर ५१ सेंटीमीटर धरावा. फोर प्लाय लोकर आणि १० नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर १० सेंटीमीटरमध्ये सुमारे २८ टाके बसतात. त्या हिशेबाने पाठीला, म्हणजे निम्म्या घेराला, ७२ टाके घालावेत. मात्र आधी चौकोनी नमुना विणून, धुऊन, वाळवून मोजावा. प्रत्येकीचा हात वेगळा असतो आणि घाईत सुरू केलेला स्वेटर उसवण्यातच अधिक वेळ जातो. ठाण्याच्या हिवाळ्याला बिनबाह्यांचा स्वेटर पुरतो. बाह्यांची लोकर वाचली तर तिची कानटोपी करावी, म्हणजे बहिणीचा संचही पूर्ण होईल.

प्रश्न : सकाळी डबे भरून झाल्यावर विणायला घेते, पण या थंडीत बोटे आखडतात आणि मनगट दुखते.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : अ‍ॅल्युमिनियमच्या सुया सकाळी हाताला गार लागतात, बांबूच्या वापरून पाहाव्यात. शाल किंवा मोठी पाठ विणताना गोल सुई घ्यावी, म्हणजे विणलेल्या भागाचे वजन मनगटावर न येता मांडीवर राहते. हात कोमट पाण्यात बुडवून मग बसावे आणि अर्ध्या तासाने उठावे. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखून जाग येत असेल, तर विणकाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : सासूबाईंनी विणलेल्या जुन्या स्वेटरांना भोके पडली आहेत. शेजारच्या कप्प्यातले माझे अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर मात्र शाबूत आहेत. असे का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ती कसर आहे. तिच्या अळ्या खऱ्या लोकरीतले केराटिन खातात. अ‍ॅक्रिलिकमध्ये ते नसते. घाम आणि अन्नाचे डाग राहिलेले कपडे त्यांना विशेष आवडतात, त्यामुळे न धुता स्वेटर ठेवू नयेत. गार पाण्यात रिठ्याने किंवा सौम्य साबणाने, न घासता धुवावेत, कारण गरम पाणी आणि घासणे यांमुळे लोकर आटते. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि आडवे पसरून वाळवावे. पूर्ण वाळल्यावर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत भरावे. आपल्या पावसाळ्यात उघड्या कपाटाचा भरवसा नाही. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील, तर तान्ह्या बाळाच्या कपड्यांत चुकूनही ठेवू नयेत. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ गंभीर होऊ शकते.