गल्ल्यावरून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हायवेला कराडच्या अलीकडं आमचं जेवणाचं हॉटेल आहे, बाबांनी उभं केलेलं. गेल्या वर्षी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला आणि मला गल्ल्यावर बसावं लागलं. माझं बीकॉम झालंय, भटारखान्याशी कधी संबंध नव्हता. एकूण 14 माणसं आहेत. मेन वस्ताद (मुख्य आचारी) 22 वर्षांपासून आमच्याकडं आहेत पण माझं काही ऐकत नाहीत, सगळ्यांसमोर ‘बाळ तू गल्ला बघ, इकडचं मी बघतो’ म्हणतात. मसाल्याचं प्रमाण कुणाला सांगत नाहीत. दिवाळीत ऐन गर्दीत दोन वेटर न सांगता गेले ते आलेच नाहीत. ओरडले तर कडक म्हणतात, गोड बोलले तर कुणी जुमानत नाही. काय करू? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी दादरला टेबल पुसणारा पोऱ्या म्हणून लागलो होतो आणि नंतर 31 वर्षं स्वतःच्या गल्ल्यावर बसलो, म्हणून दोन्हीकडनं बघून सांगतो.

आधी वस्ताद. ते तुम्हाला कमी लेखतात असं तुम्हाला वाटतंय, मला वाटतं ते घाबरलेत. मालक अंथरुणावर, पोरगी शिकलेली, उद्या हिनं कमी पगारात दुसरा कुक आणला तर या वयात कुठं जायचं? त्यांची सगळी कमाई म्हणजे हातातली चव, आणि तीच तुम्ही पहिल्या महिन्यात वहीत लिहून मागितली असेल तर माणूस बिथरणारच ना. वही बाजूला ठेवा. सकाळी ते कांदा-खोबरं भाजायला उभे राहतात तेव्हा जाऊन नुसतं शेजारी उभं रहा, आठ-पंधरा दिवस, काही विचारायचं नाही, खोबरं हलवायला लावलं तर हलवायचं, हात भाजला तर भाजू दे. भटारखान्यात धुरात उभं राहिलेल्या माणसाचं ऐकतात, काउंटरवरनं बोललेलं आत पोचत नाही.

मग एक दिवस बाबांच्या समोर बसवून सांगा की मामा तुम्ही असेपर्यंत भटारखाना तुमचा, आणि हाताखाली एक पोरगा तयार करा त्याचे महिन्याला वेगळे पैसे देते. हे पैसे खरंच द्या, पहिल्याच महिन्यापासून. प्रमाणाचं म्हणाल तर वस्ताद माणूस चमच्यानं कधी मोजत नाही, मुठीनं टाकतो, त्यामुळं त्यांना ‘किती ग्रॅम’ विचारलंत तर त्यांना पण सांगता येणार नाही आणि तुम्हाला वाटेल लपवतायत. काट्यावर पातेलं ठेवा आणि म्हणा मामा नेहमीसारखं टाका. एक मूठ तिखट टाकलं की आकडा लिहायचा, मीठ टाकलं की आकडा लिहायचा. आमच्या वस्तादांची मिठाची मूठ चार दिवस मोजली तर दोन-तीन ग्रॅमचा पण फरक पडला नाही, आणि तो आकडा बघून त्यांचा चेहरा असा काही फुलला की त्या दिवसापासनं ते स्वतःच पोरांना काट्यापाशी बोलवायला लागले.

‘बाळ’ म्हणतात त्याचं मनाला लावून घेऊ नका, त्यांनी तुम्हाला फ्रॉकमध्ये बघितलंय. एकट्यात सांगा की मामा घरी बाळ म्हणा, ड्युटीवर ताई म्हणा. पण खरेदी, गल्ला आणि पगार या तीन गोष्टी पूर्णपणे तुमच्या हातात ठेवा, तिथं मामा पण नाही आणि काका पण नाही.

आणि रश चालू असताना कुणालाही, अगदी मोरीवरच्या पोराला सुद्धा, गिऱ्हाइकादेखत बोलू नका. हे मी फार महाग शिकलो. एका रविवारी दुपारी दीडला मी पास-विंडोतनं (भटारखान्यातनं ताटं बाहेर देतात त्या खिडकीतनं) वस्तादांना ओरडलो, भाजी खारट गेली म्हणून, बाहेर पंचवीस-तीस माणसं ऐकत होती. ते काही बोलले नाहीत, खांद्यावरचा फडका काढला, घडी घालून माझ्या गल्ल्यावर ठेवला आणि चपला घालून गेले. आत अकरा केओटी (ऑर्डरच्या चिठ्ठ्या) लटकत होत्या. चूक त्यांची होती तरी माफी मला मागायला जावं लागलं आणि ते बरोबरच होतं. तेव्हापासनं माझा नियम, चूक दिसली की तेवढ्यापुरतं ताट बदलून द्यायचं आणि बोलायचं ते साडेतीनला, चहा समोर ठेवून, एकट्याशी.

आता वेटर पोरं. ताई तुमची पोरं जेवतात कुठं ते आज जाऊन बघा. बहुतेक हॉटेलात मी हेच बघितलंय की दोनशे माणसांना गरम वाढून झाल्यावर पोरगा साडेचारला मोरीपाशी उभा राहून, सिलेंडरवर ताट ठेवून, रात्रीचा उरलेला भात खातो आणि मध्येच कुणी हाक मारली की हात धुवून पळतो. अशा पोरानं गिऱ्हाइकाला हसून ‘अजून काय देऊ’ विचारावं ही अपेक्षा चुकीची आहे हो. अकराला, शटर वर जायच्या आधी, सगळ्यांना एकत्र बसवून गरम जेवण द्या, त्या दिवसाचीच भाजी द्या, तुम्ही पण त्याच ताटात जेवा. त्यात दोन फायदे होतात, आज काय बरं झालंय ते वेटरला चवीनं कळतं म्हणून तो टेबलावर खात्रीनं सांगतो, आणि कुणाचं तोंड उतरलंय, कुणाच्या घरी काय चाललंय ते तुम्हाला जेवताना कळतं. हा वेळ रोजचा अर्धा तास आहे, तो पगारातला धरा.

सुट्टीचं म्हणाल तर ‘न सांगता गेले’ यातलं निम्मं म्हणजे ‘सांगितलं असतं तर सोडलं नसतं’ असं असतं. नेपाळची पोरं दसऱ्याच्या आसपास त्यांच्या दसईं सणाला जाणार, बिहारची दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छटपूजेला, आपली मराठवाड्यातली दिवाळीला आणि गावच्या जत्रेला. हे दरवर्षी होतंच, मग दरवर्षी आपण दचकतो कशाला? जूनमध्ये भिंतीवर मोठं कॅलेंडर लावा आणि ज्याला जे चार दिवस महत्त्वाचे ते त्याला स्वतःच्या हातानं लिहू द्या, दोघांचे एकत्र आले तर त्यांनाच आपसात मिटवू द्या. एकदा नाव लिहिलं की ऐन गर्दीत पण ती सुट्टी मोडायची नाही, स्वतः ताटं उचलायला लागली तरी.

आठवड्याची सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर हा कायदा आहे, मेहरबानी नाही. दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पण लागतं, 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना. तुमचा वाटा पगाराच्या 3.25 टक्के, त्यांचा 0.75, आणि त्यात त्यांच्या घरच्यांचा पण इलाज होतो. आजारपणात घर कसं हलतं ते तुम्ही वर्षभर बघताय, तेव्हा हे काम पुढं ढकलू नका.

प्रश्न : मी नवी मुंबईत वेटर होतो, दोन महिन्यांपूर्वी कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) केलंय. ज्यांच्यासोबत एकाच खोलीत राहतो त्यांनाच आता टेबल वाटून द्यावे लागतात. जवळचे मित्र म्हणतात आम्हाला एसी सेक्शन दे, बाकीचे म्हणतात तू पार्शलिटी करतो. (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : दादा, सेक्शन तुझ्या मनावर ठेवलेस तर खोलीत रोज भांडण होणार. फेरी लाव. सोमवारी एसी, मंगळवारी बाहेर, बुधवारी फॅमिली, नावं लिहून कागद चिकटव, आणि त्या फेरीत पहिल्या आठवड्यात सगळ्यात वाईट सेक्शन, ते दरवाज्याजवळचं, तुझ्या सगळ्यात जवळच्या मित्राला दे. त्याला आदल्या रात्री खोलीवर सांग की का देतोय. आणि कॅप्टन झालास म्हणून हात मागं बांधून फिरू नकोस, गर्दीत पाण्याचा जग सगळ्यात आधी तू उचल.

आपल्या धंद्यात खालनं वर येणं नवीन नाही. उडुपीकडची कितीतरी पोरं मुंबईत टेबल पुसायला आली, रात्रशाळेत शिकली आणि पुढं मालक झाली. 1957 च्या सुमारास सरकारी कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउस बंद करायला घेतली तेव्हा कामावरनं जाणाऱ्या कामगारांनीच कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं सहकारी सोसायट्या काढून ती स्वतः चालवायला घेतली, आजही चालतायत. तेव्हा ‘कालचा वेटर आज काय सांगणार’ असं कुणी म्हणालं तर खाली बघू नकोस.

प्रश्न : आमचे शेठ टिप गल्ल्यात जमा करून घेतात आणि ग्लास फुटला की पगारातनं कापतात. बरोबर आहे का? (एक वेटर, पुणे)

उत्तर : नाही. टिप गिऱ्हाईक तुमच्या हातासाठी ठेवतं, मालकाचा त्यात एक रुपया नाही. डब्यात एकत्र टाकून रात्री वाटायची असेल तर जरूर वाटा, आणि आतल्या कुकला नि मोरीवरच्याला पण हिस्सा द्या कारण गिऱ्हाईक ज्या चवीवर खूश झालं ती आतली आणि स्वच्छ ताट पण आतलंच, पण डब्याची किल्ली तुमच्यातल्या एकाकडं असू दे. सर्व्हिस चार्जची गोष्ट वेगळी, 2022 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तो बिलात परस्पर लावायला मनाई केली आणि मार्च 2025 ला दिल्ली हायकोर्टानं ते कायम ठेवलं, म्हणून टिप आणि सर्व्हिस चार्ज यांची गल्लत शेठना करू देऊ नका.

ग्लासचं, तुमच्या निष्काळजीपणानंच फुटला असेल आणि तुम्हाला बाजू मांडायची संधी दिली असेल तरच कापता येतं, नुसतं फुटला की कापला असं नाही. शेठना एकदा सांगून बघा की महिन्याला किती फुटतात ते वहीत लिहू या, कुठं फुटतात ते पण लिहू या. आमच्याकडं लिहायला घेतलं तर निम्मे ग्लास मोरीच्या एकाच कोपऱ्यात फुटत होते, तिथली फरशी उतरती होती आणि ट्रे सरकायचा. गवंडी बोलावला, फरशी सपाट करून घेतली.