नऊ वाक्यांसाठी अंकाराला?

सांगलीच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलीचं बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालं, इंटर्नशिपही संपली. आता तिला तुर्कस्तान सरकारच्या शिष्यवृत्तीवर अंकाराला फिजिओथेरपीत मास्टर्स करायचं आहे. पहिलं वर्ष नुसतं तुर्की शिकण्यात जाणार. पुढे प्रबंधाचा विषय ठरतोय तो असा: थकवा मोजणारी नऊ वाक्यांची, प्रत्येक वाक्याला एक ते सात आकडा द्यायची एक इंग्रजी प्रश्नावली तुर्की बोलणाऱ्या प्रौढांसाठी तयार करणं आणि ती नीट मोजते का हे तपासणं. आई विचारते, "नऊ वाक्यांचं भाषांतर करायला एवढी वर्षं? तेही आपली नसलेल्या भाषेत? हे करून ती फिजिओथेरपिस्ट राहील का? घरी सासूबाई संधिवाताने आडव्या असतात. तिचे बाबा म्हणतात जाऊ दे. माझा धीर होत नाही."

ताई, तुमच्या शंकेत तथ्य आहे, पण तुम्ही तिच्या कामाला भाषांतर समजता आहात. ते मोजपट्टी बनवण्याचं काम आहे.

माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी इंटर्नशिपमध्ये संधिवाताच्या एका बाईंना प्रश्न विचारत होती. मी शेजारी बसले होते. हातात इंग्रजी कागद, तोंडाने जमेल तसं मराठी. "मावशी, थकवा येतो का?" मावशी म्हणाल्या, "थकवा कसला बाई, मी तर घरातच असते." मुलीने 'नाही'वर खूण केली. मला राहवलं नाही, मी विचारलं, "सकाळी उठल्यावर अंगात त्राण असतं का?" त्या म्हणाल्या, "कुठलं? केस विंचरायला हात वर होत नाही." त्यांच्या लेखी थकवा काम केल्यावर येतो, आणि काम तर सुनेने काढून घेतलेलं! कागदावर मात्र त्या ठणठणीत ठरल्या. ताप थर्मामीटरने मोजता येतो, थकव्याला असं यंत्र नाही. माणसाने सांगायचं आणि आपण मानायचं. मग विचारायचा शब्दच चुकला तर उपचारांचा उपयोग होतोय की नाही, हे कळणार कसं?

तुर्की भाषेतही हीच पंचाईत आहे. 'योरगुनलुक' म्हणजे थकवा, 'हालसिझलिक' म्हणजे अंगात शक्ती नसणं, 'बितकिनलिक' म्हणजे पार गळून जाणं. इंग्रजीत 'टायर्ड' आणि 'फटीग' असे दोन शब्द वेगवेगळे वापरले, तर तुर्कीत दोन्हींना बहुधा 'योरगुन'च पुढे येतो. मग दोन वेगळ्या प्रश्नांचा एकच प्रश्न होऊन बसतो. 'हालसिझ'मधला 'हाल' आपलाच पाहुणा आहे. अरबीतून तो तिकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. तिथे 'हाल' संपले की माणूस अशक्त होतो, इथे माणसाचे 'हाल' होतात. असे शब्द फसवतात. तुमच्या मुलीला पहिल्या वर्षी भाषेच्या वर्गात हे असं कानाने ऐकायचं आहे, म्हणून ते वर्ष वाया जात नाही.

आता 'आपली नसलेली भाषा' हा तुमचा मुद्दा. तो बरोबर आहे, आणि या कामाचे नियमही तेच सांगतात. २००० साली प्रसिद्ध झालेली एक पद्धत जगभर वापरतात. मातृभाषा तुर्की असलेल्या दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं. त्यातल्या एकाला विषय माहीत असावा, दुसऱ्याला मुद्दाम नसावा, म्हणजे तो साध्या माणसासारखं लिहितो. मग दोन्ही मसुदे समोर ठेवून एक करायचा. त्यानंतर इंग्रजी मातृभाषेच्या दोघांनी, मूळ कागद न बघता, तो परत इंग्रजीत आणायचा. अर्थ कुठे सांडला ते इथे दिसतं. मग तज्ज्ञांची समिती बसते, आणि शेवटी तीस-चाळीस माणसांना कागद देऊन विचारतात, "या वाक्यातून तुम्हाला काय समजलं?" यात तुमची मुलगी भाषांतरकार नसेल. ती हे सगळं जुळवेल, प्रत्येक शब्दावरचा वाद नोंदवून ठेवेल आणि माणसांसमोर बसेल. परकी असल्याने "हा शब्द का निवडला?" हे तिला न लाजता विचारता येईल. तिथल्याला जे गृहीत असतं ते तिला नसतं, याचा इथे फायदाच आहे.

खरी कसोटी त्यानंतर लागते. पुष्कळ विद्यार्थी इथेच कंटाळतात. शंभरावर लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. सगळी वाक्यं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात का ते पाहायचं. त्यासाठी 'क्रोनबाखचा अल्फा' नावाचा एक आकडा काढतात. तो निदान ०.७० हवा, पण ०.९५च्या वर गेला तर खूश व्हायचं नाही, कारण मग तेच ते पुन्हापुन्हा विचारलंय की काय अशी शंका घ्यावी लागते. आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याच लोकांना पुन्हा विचारायचं आणि उत्तरं जुळतात का बघायचं. थकव्याच्या बाबतीत हे फार नाजूक आहे. पहिली फेरी रमजानच्या आधी आणि दुसरी रमजानात पडली, तर पहाटे सेहरीला उठणाऱ्या माणसाचा आकडा बदलणारच. त्यात प्रश्नावलीचा दोष नसतो, तारखांचा असतो. शिवाय नैराश्य, झोप आणि थकवा हे तिघं एकमेकांत इतके गुंतलेले असतात की आपण थकवाच मोजतोय, उदासी नव्हे, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. 'वैधता' म्हणतात ती हीच. तुमच्या मुलीने दुसरं काही शिकलं नाही तरी हे मुरवून घ्यावं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. ती तिला आजच सांगा. तुम्ही प्रश्नावलीचं नाव कळवलं नसलं तरी नऊ वाक्यं आणि एक ते सात आकडे म्हटल्यावर मला 'फटीग सिव्हिरिटी स्केल' आठवते. लॉरेन क्रुप आणि सहकाऱ्यांनी ती १९८९ साली अमेरिकेत मांडली, मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) आणि ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) यांच्या रुग्णांवर तपासून. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या तुर्की रुग्णांवर तिची तपासणी २००७ सालीच छापून आली आहे. तेव्हा तिने होणाऱ्या गाइडना स्पष्ट विचारावं की आमच्या कामात नवं काय. उत्तर असू शकतं. एका आजारात खरी ठरलेली पट्टी दुसऱ्या आजारात किंवा निरोगी माणसांत आपोआप खरी ठरत नाही. पण "विद्यार्थ्याला दोन वर्षांत उरकता येतं म्हणून हा विषय" असं उत्तर आलं, तर विषय बदलून घ्यावा. असे प्रबंध ढिगाने होतात आणि कपाटात राहतात. मूळ प्रश्नावलीच्या मालकांची लेखी परवानगी आणि तिथल्या नीतिविषयक समितीची मंजुरी याही गोष्टी आधी, काम सुरू करण्यापूर्वी.

ती फिजिओथेरपिस्ट राहील का? राहील, पण त्यासाठी तिला झटावं लागेल. रुग्णाला हात लावण्याची सवय दोन वर्षं सुटली तर बोटं विसरतात, म्हणून तिथल्या विभागात क्लिनिकल काम किती मिळेल ते प्रवेशाआधी विचारावं. परदेशी पदवीची समकक्षता आणि महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी कौन्सिलकडची नोंदणी यांची चौकशी तिकीट काढण्याआधी करावी, परत आल्यावर नव्हे. आणि शिष्यवृत्तीचं पत्र हातात येईपर्यंत इथल्या एमपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीतल्या मास्टर्सच्या, प्रवेशाची तयारी थांबवू नये. शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क, राहणं, दरमहा भत्ता आणि भाषेचं वर्ष येतं, पण वर्षाअखेर तुर्की सी-वन या वरच्या पातळीपर्यंत न्यावी लागते. ते सोपं नाही. रोज पाच-सहा तास बसावं लागेल.

पुढच्या नोकऱ्यांचं म्हणाल तर क्लिनिकल ट्रायल घेणाऱ्या कंपन्या, प्रश्नावल्यांचं भाषिक प्रमाणीकरण करणाऱ्या संस्था, पुनर्वसन केंद्रांतलं संशोधन आणि प्राध्यापकी. पगार पहिल्या दिवशी डोळे दिपवणारा नसतो. आकडेवारी पक्की असणाऱ्याला मात्र विचारणा होते, हे मी पाहिलं आहे. तुर्कीला तुर्कस्तानाबाहेरही मागणी आहे. १९६१च्या करारानंतर जर्मनीत कामाला गेलेल्यांची पहिली पिढी आता म्हातारी झाली आहे आणि तिथल्या डॉक्टरांना तिचं दुखणं समजून घ्यायचं आहे.

आणि ती परत आली तर? तुर्कीत क्रियापदाला लिंग नसतं, एक वाक्य बाईलाही चालतं आणि पुरुषालाही. मराठीत 'मी लवकर थकतो' असं छापलं की निम्म्या रुग्णांना ते आपलं वाटत नाही. 'थकतो/थकते' असं तिरकी रेघ मारून लिहिलं की कमी शिकलेली बाई तिथेच अडखळते. 'मला लवकर थकवा येतो' म्हटलं की सुटतं, पण मग मघाच्या मावशी म्हणणार, थकवा कसला! शीण, मरगळ, गळून जाणं, त्राण नसणं, यातलं काय कोल्हापुरात चालेल आणि काय गडचिरोलीत, हे कुणीतरी बसून शोधायला हवं. टाटा मेमोरियलमध्ये कर्करुग्णांच्या जीवनमानाची युरोपीय प्रश्नावली मराठी-हिंदीतून तपासली गेली, २००५ साली ते छापून आलं. अशी कामं आपल्याकडे आणखी हवीत, आणि ती करायला हे तंत्र शिकलेली माणसं लागतात. म्हणून मी तिच्या बाबांच्या बाजूने आहे.

तुमच्या मनात सासूबाईंची काळजी आहे, ती मी खोडून काढणार नाही. त्यांच्यासाठी घरात कोण असेल हे तुम्ही दोघांनी आधी ठरवा, मुलीवर अपराधाचं ओझं देऊन नव्हे. पण निर्णयाआधी एक करा. या रविवारी मुलीला त्या नऊपैकी एक वाक्य साध्या मराठीत करायला सांगा आणि आजींना वाचून दाखवू द्या. "आजी, यातून तुला काय समजलं?" एवढंच तिने विचारावं, मध्ये बोलू नये, आणि आजी जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहावं. तुम्ही दारात उभं राहून ऐका. मग मला पुन्हा पत्र लिहा, आजी काय म्हणाल्या तेही कळवा.