चोरून छापलेला कागद : वाचकांचे प्रश्न

भूमिगत राजकीय चळवळींची पत्रके, बुलेटिने आणि वार्तापत्रे यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे जांभळ्या अक्षरांचे एक जुने राजकीय पत्रक आहे. त्याला सायक्लोस्टाइल म्हणायचे का? अक्षरे इतकी फिकी का झाली आहेत?

सायक्लोस्टाइल नव्हे. सायक्लोस्टाइलमध्ये मेणाच्या स्टेन्सिलमधून शाई झिरपून मजकूर छापला जातो. ती शाई तेलकट असते आणि बहुधा काळी. अक्षरे जांभळी असली तर दोन शक्यता उरतात. पहिली हेक्टोग्राफची, म्हणजे जिलेटिनच्या थाळीवर काढलेल्या प्रतींची. दुसरी स्पिरिट डुप्लिकेटरची, म्हणजे स्पिरिटने ओलसर केलेल्या कागदावर प्रती काढणाऱ्या यंत्राची. दोन्हींत ॲनिलीनचा कृत्रिम रंग वापरतात आणि तो उजेडात उडतो. पत्रक वर्षानुवर्षे घडी घालून ठेवले असेल तर घडीच्या आतली अक्षरे अजून गडद दिसतील आणि बाहेर राहिलेली जवळजवळ पुसली गेली असतील.

हेक्टोग्राफला यंत्र लागत नाही, म्हणून रशियातल्या क्रांतिकारक गटांनी तो फार वापरला. ३० ग्रॅम जिलेटिन रात्रभर थंड पाण्यात भिजवायचे आणि सकाळी उरलेले पाणी ओतून टाकायचे. सुमारे २०० ग्रॅम ग्लिसरीन उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात गरम करून त्यात फुगलेले जिलेटिन विरघळवायचे. मिश्रण उकळू द्यायचे नाही आणि जोराने ढवळायचेही नाही, नाहीतर बुडबुडे धरतात. प्रत्येक बुडबुडा पुढे छपाईत पांढरा ठिपका होऊन उमटतो. मिश्रण उथळ पत्र्याच्या थाळीत ओतायचे, वर आलेले बुडबुडे पुठ्ठ्याच्या कडेने बाजूला सारायचे आणि थाळी सपाट जागी रात्रभर हलवायची नाही.

मजकूर गुळगुळीत कागदावर ॲनिलीनच्या दाट शाईने लिहायचा. तो वाळला की थाळीवर पालथा घालून हलक्या हाताने दाबायचा आणि दोन-तीन मिनिटांनी उचलायचा. मजकूर थाळीवर उलटा उतरलेला असतो. त्यावर एकेक कोरा कागद टेकवून उचलत गेले की प्रती निघतात. पहिल्या वीस-पंचवीस चांगल्या येतात, पन्नाशीपर्यंत वाचता येतात, त्यापुढे डोळे ताणावे लागतात. काम संपल्यावर कोमट पाण्याचा स्पंज फिरवायचा किंवा थाळी एक-दोन दिवस तशीच ठेवायची, म्हणजे उरलेली शाई तळाशी उतरते आणि थाळी पुन्हा वापरता येते.

थाळी बिघडते ती बहुतेक वेळा हवेमुळे. ग्लिसरीन हवेतले पाणी ओढून घेते. दमट दिवसांत थाळीला घाम सुटतो आणि अक्षरे पसरतात. उन्हाळ्यात ती मऊ पडून कागदाला चिकटते, तेव्हा जिलेटिन थोडे वाढवावे लागते. फार वाढवले तर थाळी टणक होते आणि शाई धरत नाही. तुमच्या पत्रकावर काही ओळी पसरलेल्या आणि मध्येच पांढरे ठिपके असतील, तर ते हेक्टोग्राफचे असण्याची शक्यता मोठी. हे काम आवाज न करता होत असे. पण जांभळा रंग बोटांवर कित्येक दिवस राहतो आणि छापणाऱ्याला तोच गोत्यात आणू शकत असे.

स्पिरिट डुप्लिकेटर जर्मनीत १९२३ मध्ये आला. त्याच्या प्रतींवर ठिपके नसतात, ओळी एकसारख्या येतात आणि कागद बहुधा गुळगुळीत असतो. त्यामुळे १९०५ सालचे म्हणून दाखवले जाणारे जांभळे पत्रक खरे असेल, तर ते थाळीवरचेच असले पाहिजे.

प्रश्न : चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल केलेल्या) बुलेटिनांमध्ये काही अक्षरांची पोकळी पूर्ण काळी दिसते आणि अक्षरांभोवती पिवळट कडे असते. शाई खराब होती का?

शाई खराब नव्हती. पिवळट कडे त्या शाईला स्वाभाविकच आहे. काळ्या पोकळीचा दोष स्टेन्सिलचा. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा थर दिलेला अतिशय पातळ, लांब तंतूंचा कागद. टंकलेखन यंत्राची फीत बाजूला करून त्यावर टाइप केले की खिळा, म्हणजे अक्षराचा धातूचा ठसा, मेण बाजूला सारतो आणि शाईला वाट मिळते. खिळा जोराने आपटला तर ‘ठ’, ‘ध’, ‘छ’ अशा अक्षरांच्या पोकळीतला तुकडाच गळून पडतो आणि छापताना तिथे काळा डाग येतो. खिळ्यांच्या खोबणीत फितीची जुनी शाई साचली असेल तर उलटे होते. अक्षर नीट कापलेच जात नाही, अर्धवट उमटते. म्हणून स्टेन्सिल कापण्याआधी खिळे ब्रशने घासून घेणे हा पहिला नियम असे.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे, ती शिरोरेषेची. लोखंडी टोकाच्या लेखणीने हाताने स्टेन्सिल लिहिताना शब्दावर सलग रेघ ओढली, तर कागद त्या रेघेवर फाटतो आणि रोलर फिरताना चीर वाढत जाते. सावध हात रेघ अक्षरागणिक तोडून ओढतो किंवा ती काढतच नाही. जुन्या चक्रमुद्रित कागदावर शिरोरेषा तुटक दिसली, तर तो लिहिणाऱ्याचा आळस समजू नका. स्टेन्सिल हजारभर प्रतींपर्यंत टिकावी म्हणून घेतलेली ती काळजी असू शकते.

पिवळट कडे तेलाचे असते. सायक्लोस्टाइलच्या शाईतले तेल वाळत नाही, ते कागदात मुरते. म्हणून त्यासाठी शोषणारा, खळ न दिलेला कागद घेत. तो नसला तर ओली प्रत वरच्या प्रतीच्या पाठीवर उमटते. काही दशकांनी मुरलेले तेल पिवळे-तपकिरी होते. ते धुऊन काढायचा प्रयत्न करू नका.

चळवळींना सायक्लोस्टाइल सोयीचे का वाटले, हे म्युनिकच्या ‘व्हाइट रोझ’ या नाझीविरोधी गटाकडे पाहून कळते. विद्यार्थी आणि एक प्राध्यापक यांच्या या लहानशा गटाची सहा पत्रके १९४२ आणि १९४३ मध्ये निघाली. पहिल्या चार पत्रकांच्या प्रत्येकी शंभराच्या आसपास प्रती होत्या, पाचव्या पत्रकाच्या काही हजार. यंत्र एका खोलीत मावे, पण कागद, पाकिटे आणि तिकिटे लपवणे अवघड होते. एकाच दुकानातून इतका माल घेणे धोक्याचे, म्हणून खरेदी थोडी थोडी, वेगवेगळ्या ठिकाणी करावी लागे. पत्रके रेल्वेने दुसऱ्या शहरांत नेऊन तिथून टपालात टाकली जात, म्हणजे उगम लपे. पत्रकाच्या पाकिटावर एखाद्या शहराचा शिक्का असला, म्हणून ते तिथेच छापले असे धरू नये. गटातली भावंडे हान्स आणि सोफी शोल १८ फेब्रुवारी १९४३ रोजी म्युनिक विद्यापीठात पत्रके टाकताना पकडले गेले आणि चारच दिवसांनी त्यांना मृत्युदंड दिला गेला.

पोलंडमध्ये १९७७ पासून ‘नोव्हा’ या अनधिकृत प्रकाशनसंस्थेने आणि नंतर इतर गटांनी सायक्लोस्टाइलच्या जोडीला जाळीची छपाई वापरली. लाकडी चौकटीवर जाळी ताणायची, तिला स्टेन्सिल चिकटवायची आणि रबरी पट्टीने शाई ओढायची. छपाईची शाई सहज मिळत नसे, म्हणून कपडे धुण्याच्या पेस्टमध्ये रंग कालवून ती केली जाई. अशी अक्षरे भिंगाखाली पाहिली तर कडा जाळीच्या दातेरी दिसतात. १९८२ ते १९८९ या काळात निघालेल्या ‘तिगोद्निक माझोव्शे’ या साप्ताहिकाच्या प्रती हजारोंनी निघत. छपाई एका जागी न ठेवता अनेक ठिकाणी वाटलेली असे. एक जागा धाडीत गेली तरी अंक थांबत नसे.

प्रश्न : पत्रकावर मुद्रकाचे नाव नाही. मग ते खोटे समजायचे का?

उलट, नाव नसणे हीच भूमिगत कागदाची नेहमीची खूण. भारतात १८६७ च्या मुद्रण व नोंदणी कायद्याच्या कलम ३ नुसार प्रत्येक छापील पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक होते. ते न देणे हाच गुन्हा होता, मजकुराचा प्रश्न नंतरचा. १९३१ च्या आणीबाणी अधिकारांच्या प्रेस कायद्याने ‘अनधिकृत वार्तापत्र’ असा वेगळा वर्गच केला. म्हणून कोणी नाव गाळी, तर कोणी बनावट नाव घाली. १ जानेवारी १९२५ ची तारीख असलेल्या हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या जाहीरनाम्याखाली ‘विजयकुमार’ अशी सही आहे. तेही टोपणनावच.

जर्मनांनी व्यापलेल्या बेल्जियममध्ये फेब्रुवारी १९१५ पासून निघालेल्या ‘ला लिब्र बेल्जिक’ने तर पत्त्याच्या जागी चक्क ‘मोटारीतले तळघर’ असे छापले होते. वाचकांना धीर देण्याचा तो एक मार्गच होता. असा पत्ता नकाशावर शोधत बसू नका.

खऱ्या ठिकाणाचा माग लावायचा तर खिळ्यांकडे पाहा. शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेल्या पत्रकात एखादा ‘क’ डाव्या बाजूला तुटलेला असेल आणि तोच ‘क’ एखाद्या अधिकृत छापखान्याच्या लग्नपत्रिकेत वा हँडबिलात सापडला, तर तो मोठा पुरावा. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, रात्री त्याच केसमधले (खिळे ठेवण्याच्या खणांच्या पेटीतले) खिळे उचलत असणार.

प्रश्न : ‘इस्क्रा’चा एकच अंक दोन देशांत छापला गेला, असे वाचले. हे कसे शक्य आहे?

‘इस्क्रा’ हे रशियन सोशल डेमोक्रॅट पक्षाचे वृत्तपत्र. पहिला अंक डिसेंबर १९०० मध्ये लाइपझिगला निघाला. पुढे छपाई म्युनिक, लंडन आणि जिनिव्हात फिरली. पातळ कागदावरचे अंक सीमेपलीकडे नेले तरी संख्या तुटपुंजीच पडे. म्हणून जुळवलेल्या पानावर ओला कागदी लगदा दाबून साचा काढला जाई आणि हलका, घडीचा तो साचा पाठवला जाई. बाकूच्या ‘नीना’ या गुप्त छापखान्यात अशा साच्यांवर शिसे ओतून पाने तयार होत. पान पुन्हा जुळवावे लागत नसल्यामुळे मजकूर ओळीन् ओळ तोच येतो. फरक मोजपट्टीने सापडतो. लगद्याचा साचा वाळताना किंचित आकसतो, म्हणून त्यावरून छापलेल्या पानाचा मजकूर मूळ पानापेक्षा थोडा आखूड भरतो.

पूर्ण छापखानाच जमिनीखाली नेल्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे तिफ्लिसमधल्या (आजचे जॉर्जियातले त्बिलिसी) अवलाबारचा. १९०३ ते १९०६ या काळात घराखाली खणलेल्या खोलीत यंत्र चाले आणि वाट विहिरीतून होती.

प्रश्न : सोव्हिएत सामिझ्दातची, म्हणजे स्वतःच टाइप करून हातोहात वाटलेल्या अनधिकृत लेखनाची, ‘मूळ प्रत’ कशी ओळखायची?

बहुतेक वेळा या शब्दालाच अर्थ उरत नाही. एप्रिल १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘क्रॉनिकल ऑफ करंट इव्हेंट्स’ या मानवी हक्कांच्या वार्तापत्राचा पहिला अंक नताल्या गोर्बानेव्स्काया यांनी टंकलेखन यंत्रावर कार्बन लावून काढला. कागद पातळ असेल तर एका वेळी पाच-सहा प्रती वाचण्याजोग्या निघतात. ज्याच्या हाती प्रत येई तो पुन्हा कार्बन लावून टाइप करी आणि पुढे देई. प्रत्येक फेरीत एखादे नाव चुके, एखादी तारीख सरके.

सर्वांत वरच्या प्रतीत फितीच्या कापडाची वीण भिंगाने दिसते. कार्बन प्रतीत ती नसते, अक्षराची कड मऊ असते आणि तळच्या प्रतींत अक्षरे जाड व धुरकट होतात. पण वीण दिसली म्हणजे फक्त ती त्या फेरीतली वरची प्रत होती, एवढेच सिद्ध होते.

या वार्तापत्राने माहिती गोळा करण्याची सांगितलेली रीत मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. बातमी ज्याच्याकडून अंक मिळाला त्यालाच द्यायची, तो त्याच्या आधीच्याला देईल. साखळी स्वतः शोधत जायचे नाही, नाहीतर लोक तुम्हालाच खबऱ्या समजतील. दुरुस्त्याही याच वाटेने मागे जात. म्हणून दोन प्रतींमध्ये फरक सापडला तर नंतरच्या अंकातली दुरुस्ती आधी शोधा.

प्रश्न : १९४२ चे म्हणून विकत मिळणारे चक्रमुद्रित पत्रक खरे आहे का, हे घरी तपासता येईल?

खरे ठरवणे कठीण, खोटे पकडणे त्यापेक्षा सोपे. अंधारात अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर त्यात उजळ करणारे रसायन आहे आणि ते कागदात १९५० च्या सुमारास येऊ लागले. किंमत ‘नवे पैसे’मध्ये असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचे, पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. मजकुरातली दुरुस्ती बॉलपेनची असेल तर ती दुरुस्ती तरी नंतरची, पण पत्रक जुने असू शकते. स्टेपलरच्या पिनेचा गंज कागदात उतरलेला आहे की पिन नुसती गंजकी आणून टोचली आहे, हे भोकाभोवतीच्या डागावरून कळते.

प्रश्न : अशी पत्रके लॅमिनेट करून ठेवावीत का?

कधीही नको. लॅमिनेशनची उष्णता आणि चिकट थर दोन्ही परत काढता येत नाहीत. इस्त्रीही फिरवू नका. चिकटपट्टी आधीच लावलेली असेल तर ओढून काढू नका, ते काम संवर्धकाचे.

आधी गंजलेली पिन काढा. पिनेच्या पायाखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून पाय एकेक करून उभे करा आणि पिन मागून ढकला. घडी कडक असेल तर जबरदस्तीने उलगडू नका, कागद कोरडा पडून ठिसूळ झालेला असतो. जांभळ्या अक्षरांच्या कागदाला ओलावा आणि स्पिरिट दोन्ही चालत नाहीत, रंग लगेच वाहतो. आम्ल घालवण्यासाठी कागद पाण्यात बुडवण्याची नेहमीची पद्धत इथे घातक ठरते. असा कागद इतरांपासून वेगळा, आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवा, कारण रंग शेजारच्या पानावरही उतरतो. बाकीच्यांना पॉलिएस्टरची पाकिटे चालतील, पीव्हीसीची नकोत.

क्रमांक मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलने घाला. स्कॅन रंगीत करा, ४०० ते ६०० पीपीआयवर (दर इंचाला तितके बिंदू), दोन्ही बाजूंचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. कोरी बाजूही हवी, कारण टंकलेखनाचा दाब आणि झिरपलेले तेल तिथेच दिसते. डाग ‘स्वच्छ’ केलेली प्रत हवी असेल तर ती वेगळी करा, मूळ स्कॅनला हात लावू नका.

प्रश्न : निनावी पत्रके पुस्तकात छापायला परवानगी लागते का?

भारतात निनावी किंवा टोपणनावाच्या लिखाणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. लेखक दरम्यान उघड झाला तर मुदत त्याच्या मृत्यूपासून मोजतात. १९४२ ची निनावी पत्रके मोकळी झाली आहेत. आणीबाणीत १९७५ साली निघालेल्या निनावी पत्रकांची मुदत २०३५ अखेर संपेल. ती काढणारे काही जण आज हयात असू शकतात. पत्रकावर हाताने लिहिलेली नावे आणि पत्ते असतील, तर ते छापण्याआधी त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा.