बॅटरी बदलताना पेसमेकरचं जुनं कार्ड जमा करू नका

तुम्ही लिहिलंय की आईंच्या पेसमेकरची बॅटरी पुढच्या आठवड्यात बदलायची आहे आणि काउंटरवर सांगितलंय की जुनं कार्ड (पेसमेकरची माहिती असलेलं ओळखपत्र) जमा करा, नवीन मिळेल. ते वाचून राहवलं नाही. जुनं कार्ड देऊ नका. द्यावंच लागलं तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो आणि झेरॉक्स काढून ठेवा. मी ते न करता दिलं होतं.

मोबाईल, मायक्रोवेव्हचा पेसमेकरला धोका असतो का याबद्दल इतरांनी लिहिलंच आहे, ते सोडतो.

मला हार्ट ब्लॉकसाठी (हृदयातला विजेचा संदेश अडतो आणि ठोके मंदावतात) २००९ साली पेसमेकर बसवला. २०१९ मध्ये बॅटरी संपत आली. आपण 'बॅटरी बदलली' म्हणतो, पण बदलतात तो छातीच्या कातडीखालचा अख्खा सीलबंद डबा. हृदयात गेलेल्या वायरी, म्हणजे लीड, नीट चालत असतील तर त्याच नव्या डब्याला जोडतात. माझा नवा डबा एमआरआय चालणारा आहे असं सांगितलं आणि मी निर्धास्त झालो. नव्या कार्डावर डब्याचं मॉडेल, सिरियल नंबर, तारीख सगळं होतं. खाली लीडच्या दोन ओळी कोऱ्या होत्या. मला त्या दिसल्या होत्या, तरी मी विचारलं नाही. माझी चूक ती.

दोन वर्षांनी कंबरेतून डाव्या पायात कळ जायला लागली. एमआरआय लिहून दिला. स्कॅन सेंटरवर पहिलाच प्रश्न आला, लीडचं मॉडेल कोणतं? नुसता डबा मान्यताप्राप्त असून भागत नाही, डबा आणि लीड ही जोडी मान्य असावी लागते. माझ्या लीडचे नंबर होते जमा केलेल्या जुन्या कार्डावर.

जिथे दोन्ही वेळा काम झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात गेलो. जुनी फाईल गोदामात आहे, अर्ज द्या. अर्ज दिला. पुढच्या वेळी, अर्जावर डॉक्टरांची सही हवी. सही आणली तर ते डॉक्टर आता इथे नाहीत, दुसऱ्यांची आणा. शेवटी सांगितलं की इतकी जुनी फाईल ठेवतच नाही. हे पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं का? सात आठवडे गेले. तोवर डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची आणि मला ते चार पावलं पुढे गेल्यावर कळायचं. अजूनही लिहिताना संताप होतो.

सुटका झाली ती पेसमेकर तपासणाऱ्या टेक्निशियनमुळे. त्यांनी छातीवर ते वाटोळं यंत्र ठेवून प्रोग्रामरवर (पेसमेकरमधली माहिती वाचणाऱ्या संगणकावर) पाहिलं. त्यात लीडची नोंद भरलेली नव्हती. मग त्यांनी बनवणाऱ्या कंपनीला माझं नाव आणि २००९ ची तारीख कळवली. बसवताना झालेली नोंद कंपनीकडे होती. दुसऱ्या दिवशी मॉडेल नंबर हातात! आणि त्या जुन्या लीडना कंपनीने नंतर चाचण्या करून एमआरआयची मान्यताही दिलेली होती. काही जुन्या मॉडेलबाबत असं झालेलं आहे. म्हणजे ते सात आठवडे मला थांबायची गरजच नव्हती. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर स्कॅन झाला. आधी पेसमेकर एमआरआय मोडवर (स्कॅनपुरत्या सुरक्षित सेटिंगवर) टाकला, नंतर पूर्ववत केला. हे पूर्ववत करणं डोळ्यांसमोर करून घ्या, 'नंतर या' चालवून घेऊ नका. कंबरेचं ऑपरेशन झालं, पण पायाच्या अंगठ्यातली ताकद पूर्ण परत आली नाही. उशीर झाला नसता तर आली असती का, हे कुणी छातीठोक सांगत नाही.

लीड मान्य नसल्या तरी 'पेसमेकर म्हणजे एमआरआय नाहीच' हे उत्तर लगेच स्वीकारू नका. २०१७ मध्ये मॅग्नासेफ अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मान्यता नसलेल्या पेसमेकरचे १००० आणि आयसीडीचे (धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र) ५०० स्कॅन १.५ टेस्लावर, छाती सोडून इतर भागांचे, आधी नीट प्रोग्रामिंग करून केले होते. स्कॅनदरम्यान एकही मृत्यू नाही, एकही लीड निकामी नाही. पण जिथे टीम आणि देखरेख आहे तिथेच हे करावं, आणि वापरात नसलेली तुटकी लीड आत राहिली असेल तर गोष्ट वेगळी.

मी डॉक्टर नाही. आईंना आयसीडी असेल तर माझे काही अनुभव लागू पडणार नाहीत. माझ्या मते लोक मायक्रोवेव्हला उगाच घाबरतात आणि फिजिओथेरपीच्या शेक देणाऱ्या डायथर्मी मशीनखाली बिनधास्त झोपतात. खरा धोका त्या मशीनचा आहे, ती पेसमेकरवाल्यांनी घ्यायचीच नाही. पुढे कुठलंही ऑपरेशन ठरलं तर कॉटरी (विजेने कापणारं, रक्त थांबवणारं साधन) वापरणार का, हे सर्जनला आधी विचारा. आणि फक्त डबा बदलताना हात महिनाभर जखडून ठेवायची गरज सहसा नसते, ते नव्या लीडसाठी असतं. मी पहिल्या वेळी भीतीपोटी हात हलवलाच नाही, तर खांदा आखडला आणि तो सुटायला पाच महिने लागले.

डिस्चार्जच्या वेळी नव्या कार्डावर लीडच्या ओळी भरल्यात का, तेवढं तिथेच उभं राहून वाचा. जुनं कार्ड सापडलं तर त्याचा फोटो इथे टाकू नका, त्यावर नाव आणि सिरियल नंबर असतो. फक्त लीडचं मॉडेल लिहा, ते एमआरआयच्या यादीत कसं तपासायचं ते सांगतो.